जुन्या स्लॅपस्टिक विनोदपटांतील प्रतिनिधित्व : ठाणे–नवी मुंबईच्या संदर्भात

आपटाआपटी, पाठलाग, वेषांतर आणि गैरसमजांचा गुंता यांवर चालणाऱ्या विनोदपटांत कोणत्या समाजाची, बोलीची आणि शरीराची माणसे दिसतात व कशी दिसतात, याविषयीची ही नोंद. ठाणे–नवी मुंबईत मूळची आगरी-कोळी गावे, कोकणातून आणि घाटावरून आलेले नोकरदार आणि मुंबईत घर परवडेना म्हणून खाडी ओलांडलेली कुटुंबे शेजारी-शेजारी राहतात. महेश कोठारे आणि सचिन पिळगांवकर यांच्या चित्रपटांतले संवाद मात्र सगळ्यांनाच तोंडपाठ.

स्लॅपस्टिकमध्ये नायकाला पडण्याची मुभा असते. तो आपटतो, कपडे झटकतो आणि पुढच्या दृश्यात पुन्हा गाणे म्हणायला मोकळा. ज्याचे दिसणे किंवा बोलणे हाच कायमचा विनोद, त्याला ही सोय नाही. हॉलिवूडमध्ये गोरे नट तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीय पात्रे करत. मूकपटांतला विनोदी नट बस्टर कीटनच्या ‘सेव्हन चान्सेस’मध्ये (१९२५) नोकराचे असे पात्र आहे. हिंदीत ‘पडोसन’मधील (१९६८) मेहमूदचा दाक्षिणात्य संगीतशिक्षक त्याच जातकुळीचा, कितीही हसवत असला तरी.

मराठीत ‘सोंगाड्या’ने (१९७१) भाबडा खेडूत थेट नायकपदी बसवला, हे दादा कोंडके यांचे मोठे काम. पुढे कोठारे यांच्या ‘धूमधडाका’पासून (१९८५) विनोद शहराकडे वळला. या चित्रपटांतल्या नायिका सहसा धडपडत नाहीत, रुसतात आणि नाचतात. ‘धूमधडाका’तली प्रेमा किरण यांची अंबाक्का हा ठसठशीत अपवाद.

‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) हा ‘बीवी और मकान’वर (१९६६) बेतलेला असला, तरी तमाशातली मावशी आणि संगीत नाटकातले स्त्रीपार्टी नट पाहिलेल्या प्रेक्षकाला पुरुषाने नेसलेले लुगडे परके वाटले नाही. लक्ष्मीकांत बेर्डे यांचा परशा ‘पार्वती’ बनतो आणि तिचे चक्क डोहाळजेवण होते. भोवती नटलेल्या बायका, मध्ये संकोचून बसलेला परशा. हसू येते ते बायकांचे नव्हे. एक थाप लपवायला किती विधी सोसावे लागतात, त्याचे. मुळात हे सोंग जोडप्यांनाच जागा देणाऱ्या घरमालकिणीमुळे घ्यावे लागते. कथा पुण्यातली, पण ‘बॅचलर नको’ ही अट कळवा-ऐरोलीतही ऐकू येते. त्यामुळे येथे हा चित्रपट निव्वळ फार्स वाटत नाही. याच काळातला ‘बायल्या’ म्हणून हिणवण्याचा विनोद मात्र आज बघवत नाही.

शरीराच्या बाबतीत मामला आणखी उघड आहे. कोठारे यांच्या खलनायकांची नावेच टकला हैवान, कुबड्या खवीस, कवट्या महाकाल. कवट्या निदान मुखवटा घालतो. टक्कल आणि कुबड काढून ठेवता येत नाही. शाळकरी पोरांनी ही नावे वर्गातल्या कोणाला चिकटवली असतील, हे सांगायला नको.

सर्वांत मोठी पोकळी स्थानिकांची. नवी मुंबई वसवणारे सरकारी महामंडळ सिडको १९७० मध्ये स्थापन झाले आणि ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातील ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. जानेवारी १९८४ मध्ये शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली या जमिनींच्या मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात जासई परिसरात गोळीबार होऊन पाच जणांना प्राण गमवावे लागले. ‘धूमधडाका’ त्याच्या पुढच्याच वर्षी आला. जमीन गेलेला, हाती पैसा आलेला किंवा न आलेला आगरी माणूस ही विनोदालाही भरपूर खाद्य देणारी व्यक्तिरेखा होती. पण वर उल्लेखिलेल्या मराठी चित्रपटांच्या नायकांत तो नाही. आगरी म्हटले की गळ्यात जाड साखळी घातलेला ‘दादूस’ (आगरी बोलीत दादा) एवढाच छाप लोकांच्या डोक्यात राहिला.

अलीकडे विनायक माळी यांच्यासारखे कलाकार यूट्यूबवर आगरी बोलीत विनोद करतात. तेथे दादूसही आगरी, त्याची टर उडवणारी बायकोही आगरी. पडायचे आणि पाडायचे असे दोन्ही हक्क घरातच.