चेसापीकच्या काठावरची मोजणी

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा चेसापीक उपसागर ही खरं तर एक अजस्र खाडी. लांबी सुमारे ३२० किलोमीटर, सरासरी खोली मात्र जेमतेम साडेसहा मीटर. सहा राज्यांचं पाणी तिच्यात उतरतं आणि त्याबरोबर सांडपाण्यातलं, शेतातलं नत्र आणि स्फुरदही. त्यावर शैवाल माजतं, तळाशी ऊन पोचत नाही, खेकड्यांची पिल्लं जिथे वाढतात ते पाण्याखालचं गवत मरतं. शैवाल कुजताना पाण्यातला प्राणवायूही संपतो.

इथे सामान्य नागरिक स्वतः पाण्याची गुणवत्ता मोजतात. त्या मोजणीचं मूळ शोधायचं तर चेसापीकला मिळणाऱ्या, मेरीलँड राज्यातल्या पटक्सेंट नदीवर जावं लागतं. वरच्या अंगाची उपनगरं वाढत होती आणि त्यांची घाण खालच्या गावांच्या वाट्याला येत होती. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात खालच्या तीन काउंट्यांनी (म्हणजे जिल्ह्यांनी) थेट राज्य आणि केंद्र सरकारला कोर्टात खेचलं. वाद स्फुरद की नत्र, असा होता. सरकारी यंत्रणेचा भर स्फुरदावर. खाडीच्या निमखाऱ्या पाण्यात नत्रही रोखलं पाहिजे, असं खालच्या भागातले शास्त्रज्ञ सांगत होते. १९८१ साली सगळे पक्ष एकत्र बसले आणि नत्राचा मुद्दा मान्य झाला. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो, कारण पाणी बिघडल्याची तक्रार इथे आकड्यांच्या जोरावर टिकली.

१९८३ मध्ये राज्यांनी आणि केंद्राने चेसापीक स्वच्छ करण्याचा पहिला करार केला. पण सरकारी बोटी मुख्यतः खोल, मधल्या पाण्यात नमुने घेत. काठालगतचं उथळ पाणी नजरेआड राही. ते हेरून १९८५ मध्ये जेम्स आणि पटक्सेंट या दोन नद्यांवर स्वयंसेवकांची मोजणी सुरू झाली. काठावरची माणसं दर आठवड्याला आपापल्या धक्क्यावर जात आणि तापमान, खारटपणा, आम्लता, विरघळलेला प्राणवायू टिपून ठेवत. पारदर्शकतेसाठी सेकी तबकडी होती. इटालियन खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेकी यांनी १८६५ मध्ये भूमध्य समुद्रात वापरलेली ही साधी तबकडी पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली लिहायची.

पटक्सेंटच्याच काठचे राज्य सिनेटर बर्नी फाउलर यांनी १९८८ पासून दर जूनमध्ये लोकांना घेऊन पाण्यात उतरायला सुरुवात केली. तरुणपणी छातीभर पाण्यातही त्यांना पायाशी फिरणारे खेकडे दिसत. म्हणून पांढरे बूट घालायचे, ते दिसेनासे होईपर्यंत आत चालत जायचं आणि कपड्यांवरची पाण्याची खूण मोजायची. जुनी आठवण ६३ इंचांची होती. १९९७ मध्ये आकडा ४४.५ पर्यंत गेला. फाउलर २०२१ मध्ये वारले, तोवर ६३ काही आले नाहीत.

स्वयंसेवकांच्या आकड्यांवर विश्वास किती ठेवायचा, हा प्रश्न मात्र बराच काळ रेंगाळला. केंद्रीय पर्यावरण संस्थेने खाड्यांच्या स्वयंसेवी मोजणीसाठी १९९३ मध्ये मार्गदर्शिका काढली. २०१५ पासून चेसापीकमध्ये अशा नोंदींना पद्धतीच्या काटेकोरपणानुसार तीन श्रेणी देतात. सर्वांत वरच्या श्रेणीतले आकडे आता पाणी कायद्याच्या निकषांत बसतं की नाही हे ठरवतानाही धरले जातात.