मांजराच्या कानातला काळा ऐवज: मळ की माइट्स?

पार्किंगमध्ये सापडलेलं पिल्लू घरी आणलं, कान उलटून पाहिला आणि आत काळं दिसलं, की सोसायटीच्या ग्रुपवर निदान तयार असतं: ‘कानात किडे झालेत.’ हे किडे म्हणजे माइट्स, कानात राहणारे बारीक परजीवी. रस्त्यावरून आलेल्या पिल्लांच्या बाबतीत ते अनेकदा खरंही निघतं. पण वर्षानुवर्षं कोथरूडच्या फ्लॅटबाहेर न पडलेल्या, घरात दुसरं जनावर नसलेल्या बोक्यावर तोच शिक्का मारला, तर चुकण्याची शक्यता बरीच. रंगावर जाऊ नये. आधी खाज बघावी.

साधा मळ पिवळसर ते तपकिरी, मऊ, किंचित तेलकट असतो आणि थोडाच असतो. त्याला वास नसतो, कानाची कातडी फिकट गुलाबी असते, मांजराला त्याचं काही सोयरसुतक नसतं. कानाच्या नळीतली त्वचा हळूहळू बाहेरच्या दिशेने सरकते आणि मळ स्वतःच बाहेर आणते. त्यामुळे निरोगी मांजराचे कान दर रविवारी साफ करण्याची काही गरज नाही. उलट सारखं पुसून आतली त्वचा दुखावते, ओल राहते आणि नसलेलं दुखणं सुरू होतं. अपवाद स्फिंक्ससारख्या बिनकेसाच्या मांजरांचा. त्यांना मळ खूप येतो आणि तो काढावा लागतो.

माइट्सचं प्रकरण वेगळं. ओटोडेक्टिस सायनोटिस हा आठ पायांचा जीव अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असतो आणि कानातल्या त्वचेच्या कोंड्यावर व स्रावांवर जगतो. मळ, मेलेली त्वचा, माइट्सची विष्ठा आणि वाळलेलं रक्त मिळून कॉफीच्या भुकटीसारखा कोरडा, काळपट, सहज चुरा होणारा ऐवज तयार होतो, बहुधा दोन्ही कानांत. मांजर डोकं झटकतं, मागच्या पायाने कान ओरबाडतं, कानामागचे केस जातात. ही खाज बरीचशी माइट्सच्या ॲलर्जीमुळे असते, म्हणून मोजके माइट्स असूनही एखादं मांजर हैराण होतं. झटकून झटकून कानाच्या पाळीतली रक्तवाहिनी फुटली, तर पाळी रक्ताने फुगते. तिच्यात घरी सुई घालायची नाही.

घरी दोन गोष्टी पाहता येतात. पहिली, कानाच्या तोंडाशी कापसाने हलकेच पुसताच मागचा पाय हवेत खाजवू लागतो का? लागला तर माइट्सचा संशय बळावतो. दुसरी, निघालेला चुरा काळ्या कागदावर पसरून भक्कम उजेडात भिंगातून पाहा. हलणारे पांढरे ठिपके दिसले तर प्रश्न मिटला. ठिपके दिसले नाहीत म्हणून मात्र माइट्स नाहीत असं ठरत नाही. डॉक्टर तोच ऐवज तेलाच्या थेंबात काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, तिथे अंडीही दिसतात. हा तपास मिनिटांचा आहे. तो न करता थेट औषध दिलं जात असेल, तर ‘स्लाइड बघाल का?’ असं जरूर विचारावं.

दोन्हींत न बसणारं काही निघण्याचीही तयारी ठेवा. आंबूस वास आणि चिकट तपकिरी मळ हे बहुतेकदा यीस्ट या बुरशीचं लक्षण. पिवळट-हिरवट पू म्हणजे जिवाणू. तरुण मांजराचा एकच कान सतत वाहत असेल तर आत पॉलिप, म्हणजे मांसल वाढ, असू शकतो. वयस्क मांजराच्या कानातले निळे-काळे फुगीर दाणे मळ नसतात, त्या मेणग्रंथींच्या गाठी असतात. खरवडल्या तर रक्त येतं. आणि खपल्या कानाच्या कडेवर, मग तोंडावर पसरत असतील, तर ती नोटोएड्रिस या दुसऱ्या माइटची खरूज. ती माणसालाही खाज आणते.

सफाई करायची ती डॉक्टरांनी कानाचा पडदा शाबूत असल्याचं पाहिल्यावरच, कारण फाटक्या पडद्यातून द्रव मधल्या कानात गेला तर तोल आणि श्रवण दोन्ही बिघडू शकतात. मांजराला टॉवेलमध्ये गुंडाळा. क्लीनरची, म्हणजे कान साफ करायच्या द्रवाची, बाटली मुठीत धरून कोमट करा. पाळी वर धरून अर्धा ते एक मिलिलिटर आत सोडा, कानाचं मूळ वीस-तीस सेकंद चोळा. आत पचपच आवाज यायला हवा. मग सोडून द्या, त्याला डोकं झटकू द्या. बाहेर आलेलं तेवढंच बोटाला गुंडाळलेल्या कापसाने टिपा. इअरबड नको: नळी आधी खाली जाऊन मग आत वळते, बडने मळ त्या वळणात ठासला जातो.

मळ असेल तर काम इथे संपतं. माइट्स सफाईने जात नाहीत. काही कानाबाहेर मानेवर, शेपटीच्या बुडाशीही असतात. म्हणून मानेवर टाकायचं सेलामेक्टिनचं औषध सोयीचं पडतं. मात्रा किलोला किमान 6 मिलिग्रॅम; अडीच ते साडेसात किलोच्या मांजराला 45 मिलिग्रॅमची नळी. आठ आठवड्यांखालच्या पिल्लाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. केस बाजूला सारून थेट कातडीवर टाका, केसांवर सांडलं तर वाया जातं. अंड्यापासून प्रौढ माइट व्हायला सुमारे तीन आठवडे लागतात, त्यामुळे चार दिवसांत कान स्वच्छ दिसला तरी महिन्याने पुन्हा तपासणी हवी. बरेचदा तेव्हा दुसरा डोसही देतात. घरातली सगळी मांजरं आणि कुत्रीही एकाच दिवशी. एक सुटलं की तिथूनच परत सगळ्यांना. औषध लागू पडल्यावरही जुना काळा चुरा काही दिवस निघत राहतो, तेवढ्यावरून औषध बदलू नका.

कुत्र्याचं परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेलं औषध मांजराला कधीही लावू नका: झटके येऊन मांजर दगावू शकतं. टी-ट्री तेल आणि कडुनिंबाचं तेलही बाद, कारण मांजर ते चाटतं. खोबरेल तेलात काही माइट्स गुदमरतात, पण कानाबाहेरचे मजेत राहतात आणि तेलकट कानात स्लाइडसाठी नमुना नीट मिळत नाही.

मान एका बाजूला कलली, चालताना तोल जाऊ लागला किंवा बुबुळं आपोआप इकडून तिकडे हलू लागली, तर कानात काहीही न घालता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.