हजाराचा भाव: ऑनलाइन ज्ञानकोशातल्या भाषांतराच्या मोबदल्याची पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागात कुणी ‘हजाराचा भाव काय चाललाय?’ असं विचारलं, तर प्रश्न विड्यांचा आहे हे सांगावं लागत नाही. विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांवर ठरते. पानं भिजवायची, कापायची, तंबाखू भरायची, दोरा बांधायचा, सगळं त्या एका आकड्यात. माल जमा करताना तपासणीत ज्या विड्या बाजूला निघतात, त्या तिच्या हिशेबातून गेल्या. मी भाषांतरावर पोट भरतो आणि आमचाही भाव शब्दांच्या मोजणीवर असतो. विकिपीडियासारख्या, लोकांनी फुकट श्रम घालून उभ्या केलेल्या ज्ञानकोशात भाषांतरकाराला पैसे द्यावेत का, हा वाद गेल्या काही वर्षांत पुन्हा वर आला, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आलं ते विड्या तपासण्याचं टेबल. या वादाचा मागचा पंचवीस वर्षांचा प्रवास पाहिला, तर भांडण दर वेळी पैशावरून सुरू होतं आणि तपासणीपाशी येऊन अडतं.

भाषांतराला पैसे देणं मराठीला नवं नाही. पेशवे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. इंग्रजांनी ती एका फटक्यात बंद केली नाही, हळूहळू कमी करत नेली. १८४९च्या सुमारास लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख आणि पुण्यातल्या काही सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला: या निधीतला काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना आणि भाषांतर करणाऱ्यांना द्या. सनातनी मंडळी चिडली. तरी १८५१ मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी उभी राहिली. ग्रंथ आधी कमिटीपुढे जायचा, पसंत पडला की बक्षीस मिळायचं. म्हणजे मराठी भाषांतराला सार्वजनिक पैसा मिळू लागला तो तपासणीला बांधूनच.

पुढे श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९१६ मध्ये महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचं काम हाती घेतलं ते सरळ लिमिटेड कंपनी काढून. भाग विकले, वर्गणीदार जमवले, मदतनीस पगारावर ठेवले आणि २३ खंड तडीला नेले. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या हाताखाली विश्वकोश सुरू झाला तो राज्य सरकारच्या पैशावर. त्याचा विसावा खंड २०१५ मध्ये आला.

आमच्या सोलापुरात तिसराच मार्ग होता. जीवराज गौतमचंद दोशी यांनी आपली संपत्ती देऊन जैन संस्कृती संरक्षक संघ आणि जीवराज जैन ग्रंथमाला उभी केली. ‘तिलोयपण्णत्ती’ या प्राकृत ग्रंथाचा पहिला भाग या मालेत १९४३ मध्ये निघाला. संपादक आ. ने. उपाध्ये आणि हिरालाल जैन, हिंदी अनुवाद पंडित बालचंद्र यांचा. पैसा सोलापूरच्या व्यापाऱ्याचा आणि पाठ पारखणारे त्या भाषेतले मान्यवर पंडित. ही जोडी मला फार महत्त्वाची वाटते. ज्याच्याकडे पैसा होता त्याने शब्द मोजत बसायचा हट्ट धरला नाही.

जाता जाता एका शब्दाबद्दल. ‘मानधन’ हा शब्द मला कायम खटकतो. त्यातला मान पुढे करून धन आखडतं घेता येतं. मजुरी म्हटलं की निदान दर विचारता येतो.

आता विकिपीडियाकडे. त्याच्या आधी २००० मध्ये न्यूपीडिया होती, तज्ज्ञांनी लिहायची आणि अनेक टप्प्यांतून तपासायची. तिचे मुख्य संपादक लॅरी सँगर पगारी होते. काम इतकं संथ चाललं की पूरक म्हणून १५ जानेवारी २००१ ला विकिपीडिया सुरू झाला आणि त्याने मूळ प्रकल्पालाच गिळलं. डॉट-कॉमचा फुगा फुटल्यावर पैसे आटले आणि २००२च्या सुरुवातीला सँगर यांचं पगारी पद संपलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत, पुढे जाहिराती येतील या शंकेनेच स्पॅनिश भाषेतले बरेच स्वयंसेवक बाहेर पडले आणि त्यांनी सेव्हिल विद्यापीठाच्या सर्व्हरवर स्वतःचा ज्ञानकोश थाटला. आपण फुकट दिलेल्या श्रमावर दुसरं कुणी कमावणार, ही भीती तेव्हापासून या चळवळीच्या हाडात बसली आहे. तिला मी दोष देणार नाही.

२००३ मध्ये विकिपीडिया चालवणारी संस्था, विकिमीडिया फाउंडेशन, स्थापन झाली आणि एक अलिखित वाटणी रूढ झाली. सर्व्हर, सॉफ्टवेअर, कायदा, प्रशिक्षण यांना पैसा. लेखातल्या मजकुराला नाही. मराठी विकिपीडिया त्याच वर्षी १ मेला सुरू झाला. चावडीवर चर्चा, धूळपाटीवर सराव, नको ते पान दिसलं की ‘पानकाढा’ साचा. हे सगळं नोकरी-घरदार सांभाळून रात्री जागणाऱ्या मूठभर लोकांनी घडवलं.

ही वाटणी पहिल्यांदा जोरात हलली ती गूगलमुळे. २००८ पासून कंपनीने इंग्रजी विकिपीडियावरचे लेख भारतीय भाषांत भाषांतरित करून घ्यायला सुरुवात केली, आधी हिंदीत. भाषांतरकारांत स्वयंसेवक होते तसे पैसे घेणारेही होते. २००९ मध्ये ट्रान्सलेटर टूलकिट हे गूगलचं भाषांतरकारांसाठीचं साधन आलं. जुलै २०१० मध्ये पोलंडमधल्या ग्दान्स्कला भरलेल्या विकिमेनिया या विकिपीडियावाल्यांच्या परिषदेत कंपनीने आकडा सांगितला: अरबी, गुजराती, हिंदी, कन्नड, स्वाहिली, तमिळ, तेलुगू मिळून १ कोटी ६० लाख शब्द.

या यादीत मराठी नाही. पण सोलापुरात राहून ती यादी परकी वाटत नाही, कारण कन्नड आणि तेलुगू या दोन्ही आमच्या गल्लीतल्या भाषा आहेत. बाजारात एकाच गाळ्यावर तिन्ही भाषांत घासाघीस चालते. त्या काळात तेलुगूत आलेले काही लेख मी पद्मशाली समाजातल्या एका मित्राकडून वाचून घेतले होते. तो दोन परिच्छेद वाचून थांबला. ‘अक्षरं तेलुगू आहेत, बोलतंय कोण ते कळत नाही,’ म्हणाला. इंग्रजीतली लांबलचक वाक्यं जशीच्या तशी उलथून ठेवलेली, आणि मधूनमधून कुठेच न पोहोचणारे लाल दुवे.

तमिळ विकिपीडियाच्या लोकांनी याच तक्रारी त्या वेळी नीट मांडल्या. विषय भलतेच निवडलेले, शुद्धलेखन सैल, शैली यांत्रिक, आणि सर्वांत मोठं म्हणजे चर्चा पानावर काही विचारलं तर उत्तर द्यायला कुणी नाही. भाषांतरकार शब्द मोजून देऊन पुढच्या लेखावर गेलेला. मागे राहिलेली दुरुस्ती करायची कुणी? फुकट काम करणाऱ्याने. एकाच पानावर एकाला शब्दामागे पैसे आणि त्याच्या चुका निस्तरणाऱ्याला दमडी नाही, ही व्यवस्था कुठलाही समाज किती दिवस सोसेल? बंगालीतल्या स्वयंसेवकांनी असे लेख ठेवून घ्यायला नकार दिला. तमिळवाल्यांनी काम आधी थांबवायला लावलं, मग कंपनीशी बोलून अटी घातल्या: विषय आम्ही सुचवू, लेख तपासून घ्या, शेरे ऐका. त्यानंतर तिथला मजकूर सुधारला. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत शिकण्यासारखी जागा वाटते. पैसा आधी होता तोच होता, फक्त तपासणीचं टेबल त्या भाषेच्या माणसांकडे आलं.

कंपनी हे का करत होती? तिला या भाषांत वाचण्याजोगं काही हवं होतं हे खरं. पण टूलकिटमधून जाणारं प्रत्येक वाक्य मूळ आणि भाषांतर अशा जोडीने साठत होतं आणि यंत्राला भाषांतर शिकवायला अशाच जोड्या लागतात. जून २०११ मध्ये गूगलच्या यांत्रिक भाषांतरात बंगाली, गुजराती, कन्नड, तमिळ आणि तेलुगू दाखल झाल्या. मराठी आली मे २०१३ मध्ये. यात संबंध नसेल असं मला तरी वाटत नाही.

शब्दावर भाव का चुकतो ते एका वाक्यावरून सांगतो. यंत्रमागावरचा एक लेख मी इंग्रजीतून मराठीत आणत होतो. यंत्राने मसुदा दिला: ‘विणण्यापूर्वी ताण्याला आकार दिला जातो.’ व्याकरण चोख, खटकण्यासारखं काही नाही. मूळ इंग्रजीतल्या ‘साइझ’ या शब्दाचा या धंद्यातला अर्थ मात्र वेगळा. तिथे ताण्याच्या, म्हणजे मागावरच्या उभ्या, सुताला खळ देतात, म्हणजे माग चालताना सूत तुटत नाही. कारखान्यात त्याला सगळे सायझिंगच म्हणतात. मला संशय आला म्हणून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका चादर कारखान्यात गेलो. तिथल्या जॉबरने, म्हणजे मागांची देखभाल करणाऱ्या मुकादमाने, मला बीमच्या रुळावर गुंडाळलेलं सूत बोटांत धरायला लावलं. खळ दिलेलं सूत आणि कोरं सूत, दोन्ही. एक ताठ, किंचित खरखरीत, दुसरं मऊ आणि केसाळ. मग म्हणाला, ‘हे कोरं मागावर चढवा, दहा मिनिटांत तुटून हातात येतंय बघा.’ घरी येऊन वाक्य बदललं: ‘विणण्यापूर्वी ताण्याला खळ दिली जाते.’ अर्धा दिवस आणि पाच शब्द.

फुकट काम करणारा हा अर्धा दिवस देतो कारण त्याला चूक सहन होत नाही. शब्दावर पैसे घेणारा, कितीही प्रामाणिक असला, तरी घरखर्च बघून मसुद्यावरच थांबतो. त्याला नावं ठेवून काय उपयोग? दर ठरवणाऱ्याने अर्ध्या दिवसाची किंमत शून्य धरली आहे.

मधल्या काळात लहान-मोठे इतर प्रयोग झाले. विकिपीडियाच्या सॉफ्टवेअरमधली बटणं आणि सूचना ज्या ट्रान्सलेटविकीवर भाषांतरित होतात, तिथे एक हजार युरोची थैली ठेवून मोहिमा झाल्या. ठरलेल्या मुदतीत पाचशे संदेश पुरे करणाऱ्यांत ती सारखी वाटली जायची. वाटणी सारखी असल्याने एकमेकांवर कुरघोडी कमी, आणि काम नेहमीच्याच मंडळींच्या नजरेखाली. २०१४ मध्ये फाउंडेशनने वापराच्या अटी बदलल्या: पैसे घेऊन संपादन करत असाल तर कुणाकडून घेता ते जाहीर करा. हा नियम आला कंपन्यांची भलामण करणाऱ्या छुप्या खात्यांमुळे, पण भाषांतरकारांनाही तो लागू झाला आणि माझ्या मते चांगलंच झालं. २०१८च्या प्रोजेक्ट टायगरमध्ये गूगल पुन्हा आलं, या वेळी फाउंडेशन आणि भारतातल्या विकी समुदायांच्या सोबतीने. सक्रिय संपादकांना लॅपटॉप, इंटरनेटचा खर्च आणि लेखस्पर्धेला बक्षिसं असं त्याचं स्वरूप होतं. लेख लिहिण्याचा दर कुठेच नव्हता. दहा वर्षांपूर्वीचा धडा कुणीतरी लक्षात ठेवला होता.

फुकट म्हणजे शुद्ध, असंही नाही. २०२०च्या ऑगस्टमध्ये स्कॉटलंडमधल्या स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियाचं प्रकरण बाहेर आलं. ती भाषा न येणाऱ्या एका अमेरिकन मुलाने वर्षानुवर्षं, चांगल्या हेतूने, हजारो लेख लिहिले होते. एक पैसा घेतला नव्हता. तिथे टेबलच रिकामं होतं, तपासायला भाषेचा माणूसच नव्हता.

२०१५ मध्ये विकिपीडियाचं स्वतःचं आशय-भाषांतर साधन आलं. यंत्राचा मसुदा न बदलता तसाच छापू पाहणाऱ्याला ते अडवतं आणि किती बदल हवेत ते भाषेगणिक ठरवता येतं. अलीकडे स्वित्झर्लंडमधली ओपन नॉलेज असोसिएशन भाषांतरकारांना दरमहा ठरावीक रक्कम देऊन विकिपीडियासाठी काम करून घेते, त्यात एआयवर चालणाऱ्या नव्या भाषा-यंत्रांचा वापर असतो. महिन्यावर पैसे, ही शब्दावरच्या भावापेक्षा बरीच सुधारणा आहे. तरी यंत्राने दिवसाला पाचपट मजकूर काढला की तपासणाऱ्यावरचा भारही पाचपट होतो, आणि त्याचं खातं अजून कोरंच आहे.

आपल्याकडे ४ जुलै २०२२ ला गांधीनगरला भाषिणी या केंद्र सरकारच्या यांत्रिक भाषांतराच्या प्रकल्पाचा प्रारंभ झाला. त्यातल्या एका उपक्रमाचं नाव ‘भाषादान’: लोकांनी आवाज, वाक्यं, भाषांतरं द्यायची. १८५१ मध्ये दक्षिणेतून भाषांतराला बक्षीस सुरू झालं होतं, आता भाषांतर करणाऱ्याकडूनच दान मागितलं जातं. उपक्रम उपयोगाचा आहे, मीही वाक्यं दिली आहेत. पण दान कुणाला परवडतं, हा प्रश्न मला सोलापुरात टाळता येत नाही.

कारण माझ्यासोबत सध्या दोन विद्यार्थिनी काम करतात. एकीची आई विड्या वळते. ती मुलगी घरी तेलुगू बोलते, शिकली मराठीत, आणि शेजारामुळे कन्नड कानावर. सोलापुरी चादरीवरचा लेख तिन्ही भाषांत नीट व्हावा असं तिच्या मनात आहे, आणि हे काम करायला तिच्याइतकं लायक माणूस मला माहीत नाही. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, ‘सर, ह्याचं हजाराला किती?’ घरातला हिशेब तिला तोंडपाठ आहे, तिने विचारलं ते बरोबरच होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून आम्ही एक वही ठेवली आहे. तीन रकाने: लिहिलं, विचारलं, तपासलं. ‘विचारलं’मध्ये कारखान्यातली फेरी येते, जुन्या विणकराकडे बसलेला तास येतो. ‘तपासलं’मध्ये एकीचं दुसरीने आणि दोघींचं मी वाचलेलं. महिन्याअखेरीस बेरीज केली तर पहिला रकाना सर्वांत लहान निघाला. मजकूर लिहिण्यासाठी विकिमीडियाचं अनुदान सहसा मिळत नाही, म्हणून उरलेल्या दोन रकान्यांसाठी अर्ज तयार करतो आहोत. त्यात शब्दसंख्या घातलेली नाही, तास घातले आहेत, आणि सोबत वहीची पानं जोडणार आहोत. तेलुगूतला खळीचा शब्द अजून अडला आहे. तिच्या आजीला तो माहीत आहे म्हणे, रविवारी विचारून येणार आहे.