देशी बुद्धिबळ (सोलापूर)

आंतरराष्ट्रीय नियम रुळण्यापूर्वी सोलापूर परिसरात खेळला जाणारा बुद्धिबळाचा प्रकार. शहर तीन भाषांचे; मराठी घरांतले बुद्धिबळ पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांकडे चदरंगम, कन्नड घरांत चदुरंग. मोहरी आजचीच, नियम मात्र गावागणिक थोडे बदलत, म्हणून पट मांडतानाच ते ठरवून घेणे शहाणपणाचे.

प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकते. साहजिकच वाटेत मारण्याचा, म्हणजे दोन घरे पुढे आलेले प्यादे लगेच मारण्याचा, प्रश्न येत नाही. किल्लेकोटही, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणेही, नाही. त्याऐवजी राजाला एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी मिळते, पण तोवर त्याला शह बसलेला नसावा. मुरलेला खेळाडू म्हणूनच काही हाती लागत नसतानाही लवकर शह देतो. मध्ये मोहरे घालून शह अडवला, तरी उडी गेलीच. ती अडचणीसाठी राखून ठेवणारा नवखा बहुधा ती गमावतो आणि त्याचा राजा पटाच्या मध्यावर अडकतो.

खरी खोच बढतीत. प्यादे ज्या पट्टीत (उभ्या रांगेत) शेवटच्या घरी पोचते, डावाच्या सुरुवातीला त्या घरी असणारे मोहरे मिळते. राजाच्या पट्टीत वजीर. बहुतेक ठिकाणी ते मोहरे आधी मेलेले असावे लागे, नाहीतर प्यादे सातव्या घरात ताटकळते. 8 पट्ट्यांपैकी 2 वजिराच्या, 2 हत्तीच्या. उरलेल्या 4 मध्ये उंट किंवा घोडा मिळतो, आणि त्या एकट्याने मात होत नाही. परिणामी एक प्यादे जास्त असूनही अनेकदा जिंकता येत नाही. उपाय म्हणजे मारामारीत प्यादे तिरके नेऊन चांगल्या पट्टीत आणणे; हा हिशेब डावाच्या मध्यातच करावा लागतो. समोरचा राजा एकटा उरला की अनेक ठिकाणी डाव बरोबरीत धरत, त्यामुळे शेवटचे मोहरे मारण्याची घाई अंगलट येते. सर्वांत मानाची ती प्यादेमात, म्हणजे प्याद्याने केलेली मात.

शेजारच्या सांगलीत 1941 मध्ये नूतन बुद्धिबळ मंडळ सुरू झाले. 1951 मध्ये अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ आला. 1955 मध्ये एलुरू येथे झालेल्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत रामचंद्र सप्रे संयुक्त विजेते ठरले. स्पर्धांमुळे आंतरराष्ट्रीय नियम पक्के झाले आणि देशी डाव मागे पडला.

देशी सवयीचा खेळाडू स्पर्धेत हमखास दोन ठिकाणी चुकतो. दोन घरे पुढे आलेले प्यादे लगेचच्या चालीत वाटेत मारता येते, हे त्याला सुचत नाही. दुसरे, किल्लेकोट करताना तो आधी हत्तीला हात लावतो. मग त्या बाजूचा किल्लेकोट जातो आणि हत्तीच चालवावा लागतो.