मेक्सिकोचा पितृपक्ष म्हणे!

कॉलेज रोडला चहा पिता पिता एडन थॉमसच्या 'सिमेटरी बॉईज' (2020) या कादंबरीची स्टोरी सांगत होते, तर मैत्रीण म्हणाली, अगं म्हणजे दिया दे लोस मुएर्तोस, मेक्सिकोतला तो मृतांचा सण, हा त्यांचा पितृपक्षच की. वाटतं खरं तसं. गेलेली माणसं वर्षातनं एकदा येणार, त्यांच्या आवडीचं रांधून ठेवायचं, दोन्हीकडे सेम.

पण आपल्याकडे भाद्रपदातला वद्य पंधरवडा, ज्याची जी तिथी त्या दिवशी पान, तिथी माहीत नसेल तर सर्वपित्री, सवाष्ण गेली असेल तर अविधवा नवमी (मेल्यावरही ओळख नवऱ्यावरनंच!). खीर, वडे, गवार, भोपळा, पहिला घास गच्चीवर, मग काव काव करत बसायचं. खरेदी नाही, लग्नाची बोलणी नाही, पितरांना जेवू घालून निरोप द्यायचा. तिकडे 1 नोव्हेंबरला गेलेली लेकरं, 2 ला मोठी माणसं, फोटो मांडायचे, मेणबत्त्या, साखरेच्या कवट्या, कबरीपाशी गाणी, आणि जिकडेतिकडे झेंडू, जो मूळचा तिकडचाच आहे बरं का. म्हणजे या, बसा, गप्पा मारा असं. हॅलोविन वेगळं, ते 31 ऑक्टोबरला.

पुस्तकात लॉस एंजेलिसचं लॅटिनो कुटुंब आहे, बायकांनी माणसं बरी करायची आणि पुरुषांनी अडकलेले आत्मे सोडवायचे, आपल्या त्र्यंबकला नारायण नागबळी करतात साधारण त्यासाठीच, फक्त पुस्तकात त्यासाठी खंजीर. यादरिएल ट्रान्स मुलगा, आई वारलेली, घरचे त्याला मुलग्यांचा विधी करू देत नाहीत म्हणून तो गुपचूप स्वतःच करतो आणि मृत्यूदेवी त्याला स्वीकारते. घरच्यांच्या आधी देवीला पटलं! मग बोलवायला जातो गेलेल्या चुलतभावाच्या भुताला, येतं भलत्याच पोराचं भूत, आणि हा पडतो त्याच्याच प्रेमात.

सण वेगळे, पण विधी कुणाच्या हातनं हे भांडण मला अगदी ओळखीचं वाटलं. मावशीच्या दहाव्याला रामकुंडावर पिंड पुतण्याच्या हातनं, जो दिवाळीलाही कधी फिरकला नाही, आणि जिनं वर्षभर तिला चमच्याने भरवलं ती ताई पायऱ्यांवर सगळ्यांच्या पिशव्या धरून. कावळा काही शिवेना. पुतण्यानं हात जोडून काय काय कबूल केलं, तरी नाही. शेवटी ताई पिशव्या खाली ठेवून पुढे गेली, पिंडाकडे बघून पुटपुटली काहीतरी, आणि मागे वळायच्या आत शिवला.

गुरुजींनी पुढचा संकल्प पुतण्याच्याच नावानं सांगितला.