ओढलेला श्वास आणि ढकललेला श्वास : पार्श्वभूमी

श्वासाच्या चर्चेत ‘ऋण दाब’ या शब्दाइतका गोंधळ दुसरा कोणताही शब्द घालत नाही. शून्याखाली गेलेला दाब छातीत कुठेच नसतो. समुद्रसपाटीवरचा वातावरणाचा दाब पाण्याच्या स्तंभात मोजला तर सुमारे १०३३ सेंटिमीटर भरतो आणि वैद्यकात त्यालाच शून्य धरण्याचा प्रघात आहे. शांत श्वास घेताना फुप्फुसावरणांमधला दाब ‘उणे ५’ वरून ‘उणे ८’ वर गेला असे म्हणतात, तेव्हा तो प्रत्यक्षात १०२८ वरून १०२५ झालेला असतो. वायुकोशांतला, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या इवल्या पिशव्यांतला, दाब तर जेमतेम एका सेंटिमीटरने उतरतो. तेवढ्याशा फरकावर अर्धा लिटर हवा आत येते.

आकारमान वाढले की दाब उतरतो, हा वायूचा नियम १६६२ मध्ये मांडला गेला आणि त्याच शतकात भात्यात प्राण्याचे मूत्राशय बसवून छातीची प्रतिकृतीही करून पाहिली गेली. त्याचा रुग्णांना मोठा उपयोग व्हायला मात्र विसावे शतक उजाडले. १९०४ मध्ये तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेस्लाऊ शहरात रुग्णाचे डोके बाहेर आणि धड शल्यविशारदांसह कमी दाबाच्या खोलीत, अशी छातीच्या शस्त्रक्रियेची व्यवस्था झाली. १९२८ मध्ये बोस्टनमध्ये आलेले ‘लोखंडी फुप्फुस’ याच जातीचे होते. पोलिओने स्नायू लुळे पडलेल्या रुग्णाला मानेपर्यंत पेटीत ठेवायचे, पेटीतला दाब उतरवायचा, म्हणजे छाती फुलून हवा आपोआप आत येते. निसर्गाची नक्कल म्हणून ही योजना बिनतोड होती.

कसोटी लागली ती १९५२ च्या उन्हाळ्यात, कोपनहेगनमधल्या पोलिओच्या साथीत. साथीच्या रोगांच्या तिथल्या रुग्णालयात अशी पेटी एकच होती, छातीवर बांधायची कवचे सहा. पहिल्या तीन आठवड्यांत या यंत्रांवर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. त्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचे एकूण प्रमाण भरमसाट वाढलेले दिसे आणि डॉक्टर त्याचा अर्थ ‘रक्तातला अल्क (आम्लाच्या उलट गुणाचा घटक) वाढला’ असा लावत. भूल देणाऱ्या एका डॉक्टरांनी उलट निदान केले: हा वायू साचतो आहे, कारण श्वासच पुरा पडत नाही. २७ ऑगस्टला बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवण्यात आली. तरीही ती तडफडतच होती. झोपेचे औषध टोचून तडफड थांबवल्यावरच रबरी पिशवी दाबून तिच्या फुप्फुसांत हवा भरता आली. ती वाचली.

पुढचे महिने वैद्यकाचे सुमारे १५०० विद्यार्थी पाळ्यांनी खाटेशी बसून पिशव्या दाबत होते. एका वेळी ७० पर्यंत रुग्ण असे हातावर जगत होते. पिशवी घट्ट लागू लागली की नळीत कफ अडकला, हे तळहाताला आधी कळे. मृत्यूचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांवर आले.

या यशाचा अर्थ तेव्हापासून ‘ढकललेली हवा ओढलेल्या हवेपेक्षा सरस’ असाच सांगितला जातो आणि तो अर्धाच खरा आहे. त्या रुग्णांपैकी अनेकांचा घसाही लुळा पडलेला होता. पेटी छाती फुलवी तेव्हा हवेबरोबर लाळ आणि कफही आत खेचला जाई. गळ्यातल्या फुगा असलेल्या नळीने ती वाट बंद केली आणि कफ उपसण्याची सोय केली. दाबाची दिशा बदलली नसती, पण नळी बसवली असती, तर किती जण वाचले असते, हा हिशेब फारसा कोणी मांडत नाही.

ढकलण्याची किंमतही नंतर समजली. स्वतः घेतलेल्या श्वासात छातीतला दाब उतरतो आणि हृदयाकडे रक्त परतणे सोपे जाते. व्हेंटिलेटरवर नेमके उलटे घडते. शिवाय सुजलेल्या फुप्फुसाचा थोडाच भाग उघडा असतो आणि भरलेली सगळी हवा त्या भागालाच ताणते. अमेरिकेत अशा ८६१ रुग्णांवर झालेल्या आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अपेक्षित शरीरवजनाच्या दर किलोमागे प्रत्येक श्वासाला १२ ऐवजी ६ मिलिलिटर हवा देऊन पाहिली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण ३९.८ वरून ३१ टक्क्यांवर उतरले.

कोविडच्या काळात वाद पुन्हा उलट टोकाला गेला. धापा टाकणारा रुग्ण स्वतःच जोराने हवा ओढून आपली फुप्फुसे दुखावतो, म्हणून नळी लवकर घालावी, असे काहींचे म्हणणे होते. इतरांना ती घाई वाटली. फुप्फुसाला ताण जाणवतो तो आतल्या आणि बाहेरच्या दाबांतल्या फरकाचा, मग तो फरक पेटीने घडवलेला असो, पिशवीने असो वा रुग्णाच्या स्वतःच्या श्वासपटलाने.