रिग थांबली, मग किनाऱ्याचं काय झालं?

मेक्सिकोच्या आखाताकाठी, अमेरिकेच्या लुईझियाना राज्यात, मॉर्गन सिटी नावाचं एक बंदराचं गाव आहे. तिथे दरवर्षी मोठा उत्सव भरतो, तो कोळंबी आणि पेट्रोलियम या दोघांच्या नावाने. ही जोडी ऐकून आपल्याकडच्या खवय्यांची भूकच मरेल, पण तिथल्या लोकांना त्यात वावगं काही वाटत नाही. जमीन नजरेआड होईल इतक्या आत जाऊन समुद्रात पहिली तेलविहीर खणली गेली, ती १९४७ साली याच भागात. तेव्हापासून एकाच घरातला एक भाऊ कोळंबीच्या बोटीवर आणि दुसरा रिगवर (समुद्रात तेलविहीर खणणाऱ्या तळावर), असं तिथे सर्रास चालत आलंय.

२०१० साली दोन्ही भावांचं काम एकदमच थांबलं. २० एप्रिलला डीपवॉटर होरायझन या रिगवर स्फोट झाला, ११ कामगार दगावले आणि समुद्रतळाच्या विहिरीतून ८७ दिवस तेल उसळत राहिलं. जूनच्या सुरुवातीला आखातातल्या केंद्रीय हद्दीतलं ३७ टक्के पाणी मासेमारीला बंद होतं. त्याआधीच, मेच्या अखेरीस, सरकारने १५० मीटरपेक्षा खोल पाण्यातलं ड्रिलिंग सहा महिन्यांसाठी थांबवलं होतं. ३३ रिगवरचं काम बंद पडलं. गळतीबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. या बंदीने किनाऱ्यावरच्या माणसांच्या खिशाचं काय केलं, हा प्रश्न मात्र त्या मानाने मागे राहिला. त्याचं उत्तर शोधायला बसलेल्या अर्थतज्ज्ञांची जी पंचाईत झाली, ती मला गळतीइतकीच वाचनीय वाटते.

आधी थांबलं काय, ते पाहू. तेल काढणं थांबलं नव्हतं. आधीच्या विहिरी वाहत होत्या आणि तेल नळांतून किनाऱ्याला येत होतं. थांबलं होतं ते नव्या विहिरी खणणं. पण तेलविहीर म्हणजे कायमची सोय नव्हे. तेल उपसलं की खडकातला दाब उतरतो आणि विहीर दरवर्षी कमी देते. नव्या विहिरींची भर पडत राहिली तरच एकूण उत्पादन टिकतं. म्हणून बंदीचा परिणाम उत्पादनात उशिरा दिसला. २०१० मध्ये आखातातून रोज साधारण साडेपंधरा लाख पिंपं तेल निघत होतं, ते २०११ मध्ये १३ लाखांच्या आसपास आलं.

रोजगाराचं गणित याच्या उलट असतं. वाहत्या विहिरीला माणसं थोडी लागतात, खणताना फौज लागते. डीपवॉटर होरायझनवर स्फोटाच्या वेळी १२६ जण होते. त्यांच्यासाठी जेवण, पिण्याचं पाणी, डिझेल, शिवाय विहिरीत ओतायचा ड्रिलिंगचा चिखल, सिमेंट, मैलोगणती पोलादी नळ, हे सगळं बोटींनी जातं. आखातातल्या खोल पाण्यातल्या कामांपैकी ९० टक्क्यांहून अधिक कामांना रसद पुरवणारं बंदर एकच आहे, पोर्ट फोरशॉन. बोटी, हेलिकॉप्टर, वेल्डिंगची दुकानं, लेथ, खानावळी, बंदराकडे जाणाऱ्या एकाच रस्त्यावरचे पेट्रोलपंप, सगळं त्या खणण्यावर उभं. अशा खोल पाण्यातल्या रिगचं भाडं तेव्हा दिवसाला पाच लाख डॉलरच्या घरात होतं. त्यातला थोडासा भाग जरी किनाऱ्यावर झिरपला, तरी किती घरं चालतील याचा अंदाज बांधा.

हे पुणेकरांना वेगळं समजावून सांगायला नको. २०२० च्या मार्चमध्ये स्पर्धा परीक्षांची मुलं गावी गेली, तेव्हा सदाशिव पेठेत आधी मेस आणि अभ्यासिका रिकाम्या झाल्या, मग झेरॉक्सवाले, चहावाले, शेवटी मेसला भाजी देणारा. मुलं शंभर गेली तर एकूण किती जणांचं उत्पन्न बुडालं, हे काढण्याची रीत अर्थशास्त्रात आहे. कोणता उद्योग कोणाकडून किती माल घेतो याचा भलामोठा तक्ता मांडायचा आणि एका रकान्यातली घट तक्त्यातून सगळीकडे पसरू द्यायची. वासिली लिओन्टिएफ यांना या तक्त्यासाठी १९७३ चं नोबेल मिळालं. त्यातून निघणारा आकडा म्हणजे गुणक: मूळ एक रुपया घटला की एकूण किती रुपये घटतात, तो.

लुईझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचे जोसेफ मेसन यांनी असेच गुणक वापरून हिशेब मांडला. आखाती राज्यांत आठ हजारांवर नोकऱ्या जातील, असं उत्तर आलं. सरकारच्या स्वतःच्या सप्टेंबरातल्या अहवालाने आठ ते बारा हजार रोजगार तात्पुरते घटतील असं म्हटलं. म्हणजे मेसन यांच्यासारखे बंदीचे विरोधक आणि सरकार यांच्या आकड्यांत फारसं अंतर नव्हतं. भांडण मात्र कडाक्याचं झालं.

प्रत्यक्षात काय झालं? काही रिग खरोखर निघून गेल्या. एक इजिप्तला गेली, एक काँगोला. पण बहुतेक कंपन्यांनी रिगही हलवल्या नाहीत आणि माणसंही फारशी काढली नाहीत. रिगवरचा तयार माणूस एकदा सोडला की पुन्हा मिळत नाही, म्हणून त्यांना देखभाल, रंगकाम, तपासणी, प्रशिक्षण अशा कामांत गुंतवून ठेवलं. गळती झालेली विहीर जिची होती, त्या बीपी या तेलकंपनीने बेकार रिगकामगारांसाठी दहा कोटी डॉलरचा निधी दिला होता. त्याला अपेक्षेपेक्षा फारच कमी अर्ज आले.

हार्वर्डचे जोसेफ आल्डी यांनी पुढे सरकारी रोजगार-नोंदी घेऊन किनाऱ्यावरच्या जिल्ह्यांची तुलना इतर जिल्ह्यांशी केली. आल्डी त्या आधी ओबामांच्या व्हाइट हाउसमध्ये सल्लागार होते, हे वाचताना ध्यानात असू द्यावं. पण नोंदी सार्वजनिक आहेत आणि पद्धत कोणालाही तपासता येते. लुईझियानाच्या तेलावर जगणाऱ्या किनारी जिल्ह्यांत रोजगार आणि पगार घटायच्या ऐवजी किंचित वाढलेले निघाले. घट दिसली ती फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, तीही तेल जिथे पोचलंच नाही अशा दक्षिणेकडच्या भागात. टीव्हीवर काळा समुद्र पाहून पर्यटकांनी बेत रद्द केले होते.

लुईझियानातल्या वाढीचं कारण गूढ नाही. सफाईच्या कामावर ऐन भरात सुमारे ४७ हजार माणसं होती. ज्यांची मासेमारी बंद, त्यांच्याच बोटी बीपीने तेल अडवायला भाड्याने घेतल्या. आता पंचाईत पाहा: आल्डींनी मोजली ती गळती, बंदी आणि सफाई या तिन्हींची बेरीज. एकट्या बंदीचा वाटा त्यातून स्वच्छ वेगळा काढता येत नाही. 'बंदीने काहीच नुकसान झालं नाही' असा अर्थ त्यातून काढणं, हे गुणकाचा आकडा अंतिम मानण्याइतकंच चुकीचं आहे. गुणकाच्या तक्त्यात माणसं जागच्या जागी बसून राहतात. प्रत्यक्षात ती दुसरं काम धरतात, मालक वाट पाहतो, नवा पैसा भलतीकडून येतो.

परिणाम झालेला भाग आणि न झालेला भाग शेजारी ठेवून मोजायची ही कल्पना आपल्याकडे बरीच आधी वापरली गेली होती. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमध्ये धनंजयराव गाडगीळांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष लाभांची पाहणी केली, ती १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. पाणी मिळालेल्या शेतीच्या शेजारी त्याच मुलखातली कोरडवाहू शेती ठेवून त्यांनी फरक मोजला. संगणक नव्हता, तक्ते हाताने भरले होते.

सरासरीखाली काय दडतं, हेही सांगायला हवं. उथळ पाण्याला मूळ बंदी लागूच नव्हती, पण नव्या नियमांमुळे तिथले परवानेही रखडले, आणि उथळ पाण्यातच ड्रिलिंग करणारी सीहॉक ही कंपनी फेब्रुवारी २०११ मध्ये दिवाळखोरीत गेली. मोठ्या कंपनीला सहा महिने पगार देऊन थांबणं परवडतं. एक-दोन बोटी कर्जावर घेतलेल्या माणसाला नाही. भरपाईचंही तसंच. नुकसान सिद्ध करायला कागद लागतात, आणि रोखीत व्यवहार करणाऱ्या छोट्या कोळंबीवाल्यांकडे ते नसतात. उद्या मुंबई हायच्या बाबतीत अशी वेळ आली, तर रायगड-पालघरच्या किती खलाशांकडे गेल्या वर्षीच्या कमाईचा कागद निघेल?

बंदी या गोष्टीची आपल्या किनाऱ्याला सवय मात्र आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. नाखवा त्या काळात बोट वर ओढतो, डागडुजी करतो, जाळी विणून घेतो. खलाशी गावी जातात. बर्फवाला, डिझेलवाला, सावकार, सगळ्यांचा हिशेब त्या दोन महिन्यांना धरूनच बसवलेला असतो. आखातातल्या बंदीला अशी तारीखच नव्हती. मेअखेर बंदी आली, २२ जूनला न्यू ऑर्लिन्सच्या न्यायालयाने ती रोखली, १२ जुलैला सरकारने ३० नोव्हेंबरपर्यंतची नवी काढली, १२ ऑक्टोबरला ती मुदतीआधीच उठवली, आणि खोल पाण्यातला पहिला नवा परवाना दिला २८ फेब्रुवारी २०११ ला. बोटवाल्याने यातल्या कोणत्या तारखेवर कर्जाचा हप्ता बेतायचा? गुंतवलेला पैसा परत काढता येत नसेल, तर अनिश्चितता असेपर्यंत थांबण्यातच फायदा असतो, आणि सगळेच थांबले की मंदी येते, हे एका अर्थतज्ज्ञाने १९८३ मध्ये गणिताने मांडलं होतं. त्यांचं नाव बेन बर्नान्की. २०१० मध्ये ते अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख होते.

या किनाऱ्याला पुढचा मोठा फटका बसला तो कोणत्याही हुकुमाविना. २०१४ च्या मध्यात पिंपाला शंभर डॉलरच्या वर असलेला तेलाचा भाव २०१६ च्या सुरुवातीला तिशीच्या खाली गेला. या वेळी रिगमालकांनी वाट पाहिली नाही. रिग गोदीला लागल्या, माणसं खरोखर घरी गेली, आणि होमा, लाफायेटसारख्या तेलावरच्या गावांत नोकऱ्या वर्षानुवर्षं गळत राहिल्या. सफाईचं काम नव्हतं, दहा कोटींचा निधी नव्हता, आणि दावा लावायचा तर तो लावायला समोर कोणी नव्हतं.